कोल्ड्रिंकच्या फ्रीजमधला हिवाळा

सेलिनताईंच्या स्वयंपाकघरामागे एक लहान खोली होती. घर बांधणाऱ्याने ती मोलकरणीसाठी काढली होती. सेलिनताई तिला 'बाग' म्हणायच्या. तिथे काचेच्या दाराचा एक उभा फ्रीज होता. त्यांचे यजमान सिरिलभाऊ ज्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर होते, तिथून तो भंगारात निघाला तेव्हा त्यांनी घरी आणवला. दारावर जाहिरात होती: बर्फ फोडून वर येणारी लाल बाटली. आतल्या जाळ्यांवर मात्र बाटल्यांऐवजी कुंड्या होत्या, आणि कुंड्यांमध्ये तीन-चार चपट्या, तपकिरी पडलेल्या पानांपलीकडे काही नव्हतं.

आमच्या व्हिलाचा राखणदार हारुन गॅसचा सिलिंडर घेऊन आत आला की त्या फ्रीजपुढे थांबायचा.

"मॅडम, ठंडा खलास?"

"खलास नहीं हारुन," सेलिनताई म्हणायच्या, "अभी आया ही नहीं."

मी त्याच व्हिलात वरच्या मजल्यावर राहते. अबुधाबीजवळच्या मुसफ्फामधल्या एका प्रयोगशाळेत माती आणि पाण्याचे नमुने तपासते. शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. इथे त्याचा उपयोग एवढाच, की शेजारपाजारची मरायला टेकलेली झाडं माझ्या दारात आणून ठेवली जातात.

खलिफा सिटीतल्या अशा व्हिलांमध्ये पाच-सहा कुटुंबं भाड्याने राहतात आणि त्यांतलं प्रत्येक कुटुंब पुढच्या वर्षी जाणार असतं. कुणी पुण्याला, कुणी केरळात, कुणी ऑस्ट्रेलियात. पुढचं वर्ष येतं, भाडेकरार रिन्यू होतो आणि जाणं एक वर्ष पुढे सरकतं. सेलिनताई आणि सिरिलभाऊ मूळ वसईचे. ते पुढच्या वर्षी कॅनडाला जाणार होते.

त्यांचा एकुलता मुलगा जेसन अबुधाबीतच वाढला. सात वर्षांपूर्वी तो ऑन्टारिओला शिकायला गेला, तिथल्याच एका लहान गावात नोकरीला लागला. त्या गावातला पहिला हिवाळा सरताना त्याने आईला एक फोटो पाठवला. घरामागच्या रानात कुजक्या पानांमधून वर आलेलं एक लहानसं निळं फूल, आणि शेजारी वितळायची राहिलेली बर्फाची कड. खाली लिहिलं होतं, 'फर्स्ट फ्लॉवर, मॉम.' सेलिनताई तो फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

"संपदा, हे कोण?"

"हेपॅटिका," मी म्हटलं. "थंड देशांतलं रानफूल. बर्फ हटला की सगळ्यांत आधी हेच येतं. पानाला तीन भाग असतात, यकृतासारखे, त्यावरून हे नाव. पूर्वी तिकडे लोक ते यकृताच्या दुखण्यावर द्यायचे. गुण येतो असा पुरावा नाही."

"लिव्हरचं औषध?" सिरिलभाऊ मागून म्हणाले. "सायंटिस्ट, मग आमच्यासाठी दोन पानं मागवा."

"ताजं पान विषारी असतं, सिरिलभाऊ."

"मग व्हिस्कीच बरी. तिचा निदान अनुभव आहे."

सेलिनताईंचं लक्ष फोटोवरच होतं. "मराठीत काय म्हणतात?"

"नाव नाही. आपल्याकडे होत नाही."

"आणि इथे?"

"इथे तर शक्यच नाही. त्याला तीन-चार महिने खरा हिवाळा लागतो. त्याशिवाय कळ्या वाढत नाहीत."

"खरा हिवाळा म्हणजे किती डिग्री?"

"दोन ते चार असले तरी चालतात."

"म्हणजे फ्रीज," सेलिनताई म्हणाल्या.

मी बोलले ते शास्त्राला धरून होतं, त्यामुळे मला ते मागे घेता येईना.

बी जर्मनीतल्या एका रोपवाटिकेतून आलं, ओल्या शेवाळात गुंडाळून, वनस्पती तपासणीच्या सगळ्या कागदांसह. त्याशिवाय मी हात लावणार नाही असं मी आधीच सांगितलं होतं. जेसनच्या फोटोतलं फूल तिकडच्या जातीचं आणि हे युरोपातलं, हाही फरक मी समजावून सांगितला.

"चुलत बहीण ना?" त्या म्हणाल्या. "चालेल."

झाडं वाढवण्याचा त्यांचा सारा अनुभव नाताळच्या गोठ्याचा होता. वसईला त्यांच्या माहेरी गोठ्यातली हिरवळ म्हणून ताटलीत नाचणी पेरायचे. दोन आठवड्यांत बाळ येशूच्या पायाशी गवत तयार. इथेही त्या दर डिसेंबरला ते करतात. त्या हिशेबाने त्यांनी विचारलं, "नाताळपर्यंत फुलेल का गं?"

"कुठल्या नाताळपर्यंत?" मी विचारलं.

पहिल्या वर्षी आधी मातीखाली नुसतं मूळ सुटलं, मग दोन बीजपत्रं वर आली आणि थांबली. सेलिनताईंनी पूर्ण वर्ष त्या दोन हिरव्या ठिपक्यांना पाणी घातलं. दुसऱ्या वर्षी प्रत्येक कुंडीत एकेक खरं पान आलं. तिसऱ्या वर्षी पानांची संख्या मोजण्याजोगी झाली, पण फुलाचं चिन्ह नव्हतं. उन्हाळाभर कुंड्या उत्तरेच्या खिडकीशी, एसीच्या वाऱ्याच्या आड. नोव्हेंबर आला की फ्रीजमध्ये. जगात इतरत्र हिवाळा आपोआप येतो. आमच्याकडे सेलिनताई फ्रीजचं बटण फिरवायच्या तेव्हा तो यायचा. आमच्या व्हिलात वीज भाड्यातच धरलेली आहे, तेव्हा हे सगळे हिवाळे तसे घरमालकानेच दिले. त्याला त्याची कल्पना नव्हती.

सिरिलभाऊ त्या रोपांना 'कॅनडीण' म्हणायचे. "आमची कॅनडीण जेवली का?" "कॅनडिणीला सांग, मला टोमॅटो ठेवायला एक जाळी दे." टोमॅटो मात्र मी कधी ठेवू दिले नाहीत. पिकत्या फळांमधून जो वायू सुटतो त्याने कळ्या गळतात. सिरिलभाऊंनी हे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून मला घरातले कांदे-बटाटेसुद्धा विचारून ठेवू लागले.

हा सगळा खटाटोप फुलासाठी नव्हता, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. रविवारी चर्चहून आल्यावर जेसनचा व्हिडिओ कॉल असायचा. सेलिनताई दर वेळी विषय फिरवून फिरवून एकाच ठिकाणी आणायच्या: आम्ही कधी यायचं? आणि जेसन दर वेळी म्हणायचा, "मॉम, इट्स मायनस ट्वेंटी. यू वोन्ट मॅनेज." कधी बर्फ उपसायचं फावडं दाखवायचा, कधी दुपारी चारला अंधारलेली खिडकी. सेलिनताईंना 'या' हा एक शब्द हवा होता. मुलाने तो सात वर्षांत उच्चारला नव्हता.

"त्याला वाटतं मला थंडी झेपणार नाही," त्या मला म्हणाल्या. "त्याला कळायला पाहिजे की मी थंडी सांभाळू शकते. बोलून नाही पटत. दाखवलं पाहिजे."

त्यांनी सरावही केला होता. सिरिलभाऊंनी एकदा त्यांना हॉटेलच्या कोल्ड रूममध्ये नेलं. स्टाफचं जाड जॅकेट घालून त्या चीज आणि मटणाच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"कशी वाटली थंडी?" मी नंतर विचारलं.

"थंडीचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "वास फार."

यंदा, चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटी तपकिरी पानांच्या मध्यातून केसाळ, वाकलेली टोकं वर आली. मी भिंग घेऊन बघितलं. कळ्या होत्या. सेलिनताईंनी माझ्या हातातून भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यांनी स्वेटर घातलेत."

"केस आहेत ते. थंडीपासून बचावाला."

"तेच म्हणते मी."

फेब्रुवारीत जेसन आणि त्याची बायको वेन्डी येणार होते. वेन्डीचं माहेर शारजाचं. ती कॅनडात नर्स होती. जेसनने फोनवर सांगितलं होतं की एक सरप्राइज आहे, समोरासमोर सांगेन. सेलिनताईंनी त्याचा अर्थ लगेच लावला. गेल्याच वर्षी त्याला कॅनडाचा पासपोर्ट मिळाला होता. सिरिलभाऊ मे महिन्यात रिटायर होणार, म्हणजे त्यांचा इथला व्हिसा संपणार. आता जेसनने आई-वडिलांना बोलावलं तरच कॅनडा, नाही तर वसई.

"पेपर घेऊन येतोय तो," त्या म्हणाल्या. "मनात थोडी शंका राहिली असेल तर ही फुलं बघून जाईल."

अडचण वेगळीच होती. कळ्या रंगल्या, निळ्या झाल्या, आणि मिटलेल्याच राहिल्या. फ्रीजमध्ये दिवा होता, काचेतून सगळं दिसत होतं, पण एकही फूल उघडेना.

"ह्या उघडत का नाहीत?"

"थंडीत हे फूल मिटून राहतं. संध्याकाळी, ढगाळ हवेत, पावसात. उजेड आणि थोडी ऊब मिळाली तरच उघडतं."

सेलिनताई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे जगायला थंडी पाहिजे आणि हसायला ऊन?"

"साधारण तसं."

"साधारण आमच्या सिरिलसारखं," त्या म्हणाल्या. "एसीत झोपायचं आणि बाल्कनीत बसायचं."

मग आम्ही बेत ठरवला. जेसन यायच्या दिवशी सकाळी कुंड्या बैठकीच्या खोलीत आणायच्या, खिडकीजवळ. पडदे उघडे. पण खोली गार हवी, नाहीतर फुलं दोन दिवसांत गळून पडतील. एसी सोळावर. त्याच्या खाली तो जात नाही. जात असता तर सेलिनताईंनी नेला असता.

त्या दिवशी मी अकराच्या सुमारास खाली गेले तेव्हा दार उघडताच चष्म्याच्या काचा गार पडल्या. सिरिलभाऊ सोफ्यावर स्वेटर आणि मफलर घालून बसले होते. सेलिनताईंनी वसईहून आणलेली शाल घेतली होती. टेबलावर पांढऱ्या चादरीवर कुंड्या मांडल्या होत्या, नाताळच्या गोठ्याच्या वेळी मांडतात तशा, लहान पुढे, मोठ्या मागे. दोन कुंड्यांच्या मध्ये कापसाचा बर्फसुद्धा होता.

"कापूस काढा," मी म्हटलं. "पानांना चिकटेल."

"अगं, जेसनला घरासारखं वाटायला नको?"

"सायंटिस्ट," सिरिलभाऊ म्हणाले, "तुमच्यासाठी शाल ठेवलीय. हॉटेलात कॉन्फरन्सला लोक असेच बसतात. फक्त तिथे बिर्याणी मिळते."

कळ्यांच्या टोकांना भेग पडली होती. एक फूल अर्धं उघडलंही होतं. निळ्या पाकळ्यांच्या मध्ये पांढरे पुंकेसर. खरं तर त्या पाकळ्या नव्हेत, रंगीत झालेली निदलं आहेत; पण त्या दिवशी मी ते कुणाला सांगितलं नाही.

टॅक्सी गेटात थांबली. जेसन अर्ध्या चड्डीत आणि चपलांवर उतरला. मागून वेन्डी, डोक्यावर टोपी. सेलिनताई दारात शाल सावरत उभ्या. मिठ्या झाल्या. जेसन एक पाऊल आत आला, आणि थांबला.

"मॉम. इट्स फ्रीझिंग इन हिअर."

"हो ना?" सेलिनताई आनंदाने म्हणाल्या. "आम्हाला काही वाटत नाही."

"व्हाय आर यू वेअरिंग अ स्कार्फ, डॅड?"

"मला वाटतं," सिरिलभाऊ म्हणाले.

जेसन बाहेर वळला. "सॉरी, मॉम. आय नीड द सन. फाइव्ह मिनिट्स. प्लीज." आणि तो अंगणात गेला, कडुलिंबाच्या सावलीबाहेर हारुनची प्लास्टिकची खुर्ची ओढून उन्हात बसला, डोळे मिटून, तोंड वर करून. वेन्डी आत आली, टेबलाकडे बघून "ओह, क्यूट" म्हणाली, हात चोळले आणि तीही बाहेर गेली.

आम्ही तिघं आत राहिलो. खिडकीतून ते दोघं दिसत होते. बाहेर पंचवीस डिग्री असेल, अबुधाबीतला वर्षातला सगळ्यांत सुरेख महिना. आणि ज्यांच्यासाठी आम्ही कॅनडा उभा केला होता ते त्या उन्हात मांजरासारखे पसरले होते. सेलिनताईंनी एसीच्या रिमोटकडे बघितलं. मग कुंड्यांकडे. मग त्यांनी त्यातल्या त्यात जास्त उघडलेल्या फुलाची कुंडी उचलली.

"सेलिनताई, बाहेर नका नेऊ," मी म्हटलं. "उन्हात—"

"तो आत येत नाही ना," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मी मागोमाग गेले. सिरिलभाऊ मफलर सोडत आले.

उन्हात ठेवल्यावर ते फूल आमच्या डोळ्यांदेखत पूर्ण उघडलं. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते हारुनच्या तीन पायांच्या टेबलावर, सिगरेटच्या थोटकांच्या डब्याशेजारी. जेसनने डोळे उघडले, वाकून पाहिलं.

"इज इट रिअल?"

"तू पाठवलेलास फोटो. त्या गावातल्या पहिल्या वर्षी. हेपॅटिका. मी इथे वाढवलं, बियांपासून. फ्रीजमध्ये." सेलिनताई भराभर बोलत होत्या. "हिवाळा द्यावा लागतो त्याला. मी चार दिले. एकही मेलं नाही, विचार संपदाला."

"दोन कुंड्या गेल्या पहिल्या वर्षी," मी म्हटलं.

"दोन सोडून एकही मेलं नाही."

जेसनने देठाला बोट लावलं. "दीज. येस. दे स्टिल कम, बिहाइंड द हाऊस." "आय स्टॉप्ड लुकिंग, मॉम. बाय एप्रिल आय हेट एव्हरीथिंग."

"मला थंडी चालते, जेसन," सेलिनताई म्हणाल्या. इतकी वर्षं तयार केलेलं वाक्य होतं ते. त्या एका दमात बोलल्या. "तू म्हणतोस ना मला झेपणार नाही. मला झेपते. मी डॅडींच्या कोल्ड रूममध्ये उभी राहिलेय. तू माझी काळजी करू नकोस."

जेसन आईकडे बघत राहिला. मग वेन्डीकडे. वेन्डीने मान हलवली, सांग आता अशी.

"मॉम," तो म्हणाला, "आय वॉज नेव्हर टॉकिंग अबाउट यू. आय वॉज टॉकिंग अबाउट मी."

बाजूच्या व्हिलात कुणीतरी गाडी धूत होतं.

मग त्याने सरप्राइज सांगितलं. दुबईत नोकरी मिळाली होती. एप्रिलपासून. फ्लॅटही बघून ठेवला होता. पासपोर्ट हातात येईपर्यंत थांबायचं असं दोघांनी दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. पासपोर्ट आला, आता तिथे राहायचं कारण उरलं नव्हतं. वेन्डी म्हणाली की गेल्या जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना तिची कंबर धरली, ती अजून सुटली नाही. जेसन म्हणाला की तिकडे त्यांच्या ओळखीतले अर्धे लोक परत यायच्या तयारीत आहेत.

"आणि यू गाइज आर नॉट गोइंग टू वसई," तो म्हणाला. "आय विल स्पॉन्सर यू. कम अँड लिव्ह विथ अस."

सात वर्षं वाट पाहिलेला शब्द अखेर आला होता. सेलिनताईंनी तो ऐकला. चेहऱ्यावर आधी आनंदच आला, आणि मग त्यांनी विचारलं, "कुठे?"

"दुबई, मॉम. आय जस्ट टोल्ड यू."

"हो. दुबई."

सिरिलभाऊंनी स्वेटर डोक्यावरून काढला. घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला. एखाद्या माणसाने नोकरीचा युनिफॉर्म शेवटचा उतरवावा इतक्या समाधानाने. "यल्ला, चला," ते म्हणाले, "मग कॅनडा खलास." आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. त्यांना कधीच जायचं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. सेलिनताईंना कदाचित आधीपासून माहीत असावं.

"फ्लॅटला उत्तरेची खिडकी आहे?" सेलिनताईंनी विचारलं.

जेसनला प्रश्न कळला नाही. वेन्डी म्हणाली, "देअर्स अ पूल, मम्मी. अँड अ जिम."

"आणि फ्रीज ठेवायला जागा?"

"फ्रीज इज बिल्ट-इन, मॉम."

"दुसरा फ्रीज."

जेसनने आईच्या खांद्यावर हात टाकला. "मॉम, इफ यू वॉन्ट टू सी स्नो, देअर्स अ होल माउंटन ऑफ इट इनसाइड द मॉल. वी विल गो फ्रायडे." तो प्रेमाने म्हणाला होता, आणि त्यात चूक काही नव्हतं.

फुलाच्या कडा वळायला लागल्या होत्या. मी कुंडी उचलून आत नेली, बाकीच्यांबरोबर फ्रीजमध्ये ठेवली आणि दार लावलं. तासाभराने बघितलं तर सगळी फुलं मिटली होती. बैठकीत एसी चोवीसवर होता आणि बिर्याणीचा वास येत होता. सिरिलभाऊ हॉटेलातून घेऊन आले होते. सेलिनताई मुलाला वाढत होत्या, हसत होत्या. मुलगा परत आल्यावर आई हसते तशा. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त मधूनच त्या शाल सावरायच्या, आणि मग लक्षात यायचं की ती त्यांनी कधीच काढून ठेवली आहे.

शुक्रवारी ते मॉलमधल्या बर्फात गेले. सेलिनताईंनी परत आल्यावर एवढंच सांगितलं, "रबराचे बूट देतात. सगळ्यांचे पाय एकाच साइजचे समजतात." आणि मग, "तिथे बर्फाखाली माती नाही. सिमेंट आहे. मी खणून बघितलं, तर तिथला माणूस ओरडला."

एप्रिलच्या मध्यात मी खाली गेले तेव्हा सेलिनताई 'बागेत' हातात मुंग्यांची पावडर घेऊन उभ्या होत्या. सामानाची खोकी भिंतीला लागली होती. जेसन आणि वेन्डी दुबईच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, सिरिलभाऊंचा निरोप समारंभ ठरला होता. कुंड्या खिडकीशी होत्या, नवी पानं हिरवीगार, आणि ओट्यावरून मुंग्यांची एक रांग कुंड्यांपर्यंत गेली होती.

"थांबा," मी म्हटलं. "पावडर टाकू नका."

"खाताहेत बघ त्या."

मी भिंग काढलं. फुलांचे देठ वाकून मातीला टेकले होते आणि हिरवं बी गळत होतं. मुंग्या एकेक बी उचलून नेत होत्या.

"खात नाहीत, पेरताहेत. ह्या बियाला टोकाशी एक चरबीचा दाणा असतो. मुंग्या त्यासाठी बी घरी नेतात, दाणा खातात आणि बी बाहेर टाकतात. तिकडच्या जंगलात हे असंच पसरतं."

सेलिनताईंनी वाकून बघितलं. रांग ओट्यावरून खाली, दाराच्या फटीतून बाहेर, अंगणातल्या फरश्यांच्या सांध्यात जात होती. फरश्या तेव्हाच हाताला चटका देत होत्या.

"ह्या मुंग्यांना कुणी सांगितलं नाही का, की हे अबुधाबी आहे?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पावडर कपाटावर ठेवली. "उरलेलं बी दुबईला नेलं तर राहील?"

"राहत नाही. सुकलं की गेलं. पेरायचं तर आताच, ह्या आठवड्यात."

"आणि पेरलं तर फूल कधी?"

"पहिल्यांदा लागली तेवढी वर्षं लागतील. चार हिवाळे."

मग त्यांनी एक ट्रे घेतला. तो नाचणी पेरायचा ट्रे होता. माती भरली, मुंग्यांकडून वाचलेलं बी चिमटीने उचलून एकेक टाकलं. मला वाटलं होतं की त्या आठवणीसाठी पेरताहेत. मी तसं म्हटलंही, जरा हळू आवाजात.

"आठवणीसाठी कशाला?" त्या म्हणाल्या. "हिशेब कर. जेसनने तिकडे सात वर्षं काढली, पण थंडीवर चिडायला त्याला एकच पुरलं. बाकीची पासपोर्टसाठी. इथल्या उन्हाळ्याची त्याला लहानपणची सवय आहे, म्हणून तीन धर. जुलै-ऑगस्टात पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालायचं, स्टिअरिंग हाताला भाजणार. चौथ्या उन्हाळ्यात तो म्हणणार, मॉम, आय मिस द स्नो. पासपोर्ट तर हातात आहेच. तोवर हे तयार पाहिजे."

"आणि नाही आठवला त्याला बर्फ तर?"

त्यांनी ट्रेवर माती भुरभुरवली, तळहाताने दाबली. "आठवतो गं. मी तर खरा पाहिलासुद्धा नाही, तरी मला आठवतो."

फ्रीज दुबईच्या फ्लॅटला चालणार नव्हता. तो माझ्याकडे यायचं ठरलं, कुंड्यांसकट आणि ट्रेसकट. हिवाळा कधी सुरू करायचा हे त्या फोनवर सांगणार होत्या. सामान गेलं त्या दिवशी हारुनने आणि ड्रायव्हरने मिळून तो जिन्यावरून वर चढवला. मधल्या वळणावर दोघे दम खायला टेकले. हारुनने शर्टाने तोंड पुसलं, दारावरच्या बर्फातल्या बाटलीकडे पाहिलं.

"मॅडम, अब तो आपका है. अब ठंडा मिलेगा?"

"चार साल में," मी म्हटलं. "इन्शाल्ला."